अनुकूली डेटा संक्षेपण : वेग आणि आकार यांचा मेळ

मजकूर, चित्र किंवा अन्य माहिती दाबत असतानाच तिचा स्वभाव ओळखत जाणाऱ्या आणि त्याप्रमाणे संकेत बदलत नेणाऱ्या पद्धतींना अनुकूली डेटा संक्षेपण म्हणतात. यात सगळी फाइल आधी वाचून वारंवारतेचा तक्ता करायचा आणि तो सोबत पाठवायचा, ही गरज उरत नाही. एन्कोडर (दाबणारा) आणि डिकोडर (उलगडणारा) दोघेही कोऱ्या पाटीने सुरुवात करतात आणि आतापर्यंत आलेल्या चिन्हांवरून आपापले प्रतिमान, म्हणजे पुढे काय येईल याचा अंदाज देणारे मॉडेल, घडवत जातात. दोन्ही प्रतिमाने प्रत्येक पावलाला तंतोतंत सारखी असावी लागतात. कुठे जरा फरक पडला, की पुढचा सगळा मजकूर बिघडतो.

अशा पद्धतीत वेगाचे प्रश्न दोन असतात. गणित किती लवकर उरकते, हा पहिला. प्रतिमान नव्या माहितीला किती लवकर जुळवून घेते, हा दुसरा. चर्चा बहुधा पहिल्याचीच होते. दुसरा मात्र फाइल किती लहान होईल हे थेट ठरवतो.

दुसऱ्याचे नेमके उदाहरण इगोर पावलोव्ह यांच्या ७-झिप या फाइल दाबणाऱ्या प्रोग्राममधील एलझेडएमए पद्धतीत सापडते. येणारा बिट शून्य असण्याची शक्यता तिथे २०४८ पैकी किती, अशा पूर्णांकात ठेवतात. सुरुवात मधोमध, म्हणजे १०२४ पासून होते. शून्य आला, की २०४८ पर्यंत उरलेल्या अंतराचा बत्तिसावा भाग मिळवायचा : १०२४ चे १०५६ होतात, पुन्हा शून्य आला तर १०८७. एक आला, तर आहे त्या आकड्याचा बत्तिसावा भाग वजा करायचा. भागाकाराऐवजी बिट पाच घरे सरकवले की काम होते, त्यामुळे हे अतिशय स्वस्त पडते. बत्तिसाव्याऐवजी सोळावा भाग घेतला, तर पहिल्याच शून्याला १०८८ गाठता येतात, पण मग चार योगायोगाचे बिटही अंदाज भलतीकडे ओढून नेतात. एकशे अठ्ठाविसावा भाग घेतला तर अंदाज स्थिर राहतो, मात्र मजकुराचा रंग बदलला तरी प्रतिमान बराच वेळ जुन्याच समजुतीत राहते. २०२० च्या व्हीव्हीसी या व्हिडिओ मानकाने प्रत्येक संदर्भासाठी (म्हणजे बिट ज्या परिस्थितीत येतो तिच्यासाठी) एक चपळ आणि एक सावकाश असे दोन अंदाज ठेवून त्यांची सरासरी घेतली. थोड्याशा जादा कामात मोठा फायदा देणारी ही युक्ती मला या क्षेत्रातली सर्वांत नेटकी वाटते.

शिकण्याइतकेच विसरणेही महत्त्वाचे असते. टेरी वेल्च यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या एलझेडडब्ल्यू पद्धतीत आधी आलेल्या तुकड्यांचा शब्दकोश वाढत जातो आणि शेवटी भरतो. युनिक्सवरील ‘कॉम्प्रेस’ हा प्रोग्राम कोश भरल्यावर तोच वापरत राहतो, अधूनमधून संक्षेपणाचे प्रमाण तपासतो आणि ते घसरू लागले की कोश पुसून नव्याने सुरुवात करतो. उलट, छोट्या संदेशांत शिकायलाच पुरेसा मजकूर नसतो. म्हणून ब्रॉटली या संक्षेपण पद्धतीमध्ये सुमारे १२० किलोबाइटचा कोश आधीच भरून दिलेला आहे, तर झेडस्टँडर्ड या दुसऱ्या पद्धतीमध्ये नमुन्यांवरून स्वतःचा कोश तयार करून घेता येतो.

आता गणिताचा वेग. फॅलर (१९७३) आणि गॅलॅगर (१९७८) यांच्या अनुकूली हफमन पद्धतीत (वारंवार येणाऱ्या चिन्हांना वृक्षाच्या आधारे छोटे संकेत देणाऱ्या) नूथ (१९८५) आणि व्हिटर (१९८७) यांनी सुधारणा केल्या, तरी प्रत्येक चिन्हानंतर वृक्ष दुरुस्त करण्याचे काम सुटले नाही. व्यवहारात बाजी मारली ती लेम्पेल आणि झिव यांच्या १९७७ च्या कल्पनेने : आधी येऊन गेलेला तुकडा पुन्हा आला, तर तो किती मागे आणि किती लांबीचा आहे एवढेच लिहायचे. शोधण्याचा सगळा भार एन्कोडरवर पडतो. डिकोडरला फक्त नक्कल करायची असते. याच कल्पनेवर चालणाऱ्या झेडलिब या सॉफ्टवेअर लायब्ररीच्या १ ते ९ पातळ्या म्हणजे मुख्यतः या शोधाच्या चिकाटीचे आकडे आहेत. जुळणी शोधताना मागच्या किती जागा तपासायच्या, याची मर्यादा पहिल्या पातळीला ४, नेहमीच्या सहाव्या पातळीला १२८ आणि नवव्या पातळीला ४०९६ आहे. खिडकी, म्हणजे मागे पाहण्याची हद्द, मात्र सर्वत्र जास्तीत जास्त ३२ किलोबाइटचीच. त्यामुळे सहाच्या पुढे वेळ भराभर वाढतो आणि फाइल जेमतेम कमी होते.

क्लिअरी आणि विटन यांची पीपीएम (१९८४) आणि मॅट महोनी यांची पीएक्यू मालिका (२००२ पासून) या पद्धती दुसऱ्या टोकाला आहेत : वेगापेक्षा लहान आकाराला महत्त्व देणाऱ्या. पीएक्यूमध्ये प्रत्येक बिटासाठी अनेक प्रतिमाने अंदाज देतात आणि त्यांचे वजन चालता चालता बदलत राहते. परिणाम थक्क करणारा असतो, पण डिकोडरलाही तेवढीच सगळी आकडेमोड करावी लागते, म्हणून फाइल उघडायला दाबण्याइतकाच वेळ जातो. शिवाय मागचा बिट कळल्याशिवाय पुढचा अंदाज बांधता येत नाही, त्यामुळे प्रोसेसरचे अनेक गाभे असूनही एका प्रवाहात त्यांचा फारसा उपयोग होत नाही. मजकुराचे तुकडे पाडले तर गाभे कामाला लागतात, पण प्रत्येक तुकडा शिकलेले विसरून सुरू होतो. पिग्झ हा प्रोग्राम प्रत्येक तुकड्याला आधीच्या तुकड्याचे शेवटचे ३२ किलोबाइट देऊन हे नुकसान बरेचसे टाळतो.

यान कोलेट यांच्या एलझेड४ ने (२०११) एन्ट्रॉपी संकेतनच (वारंवारतेनुसार चिन्हांना कमी-जास्त बिट देण्याची पायरी) वगळले आणि वेग मिळवला. फेसबुकने २०१६ मध्ये खुले केलेले झेडस्टँडर्डही त्यांचेच. त्यात यारेक डुडा यांच्या एएनएस या एन्ट्रॉपी संकेतनाच्या कल्पनेवर आधारित तक्ते खंडागणिक पाठवले जातात. प्रत्येक चिन्हाला प्रतिमान बदलण्याऐवजी प्रत्येक खंडाला बदलायचे, ही तडजोड डिकोडरला फार मोठा वेग देते.

कोणती पातळी योग्य, हे वाहिनीवर अवलंबून असते. समजा १०० मेगाबाइटची फाइल सेकंदाला १० मेगाबाइट नेणाऱ्या जोडणीवरून, दाबता दाबताच पाठवायची आहे. न दाबता १० सेकंद लागतील. सेकंदाला २०० मेगाबाइट दाबून फाइल निम्मी करणारा प्रोग्राम ५ सेकंदांत काम उरकेल. फाइल ३० मेगाबाइटवर आणणारा, पण सेकंदाला ५ मेगाबाइटच दाबणारा प्रोग्राम २० सेकंद घेईल, म्हणजे न दाबण्यापेक्षाही दुप्पट. तीच फाइल एकदा दाबून हजारो वेळा पाठवायची असेल, तर मात्र दर वेळी ३ सेकंद लागतील आणि निकाल उलटा होईल. झेडस्टँडर्डचा ‘अडॅप्ट’ पर्याय हा हिशेब चालू कामातच करतो : पुढची वाट तुंबली की पातळी वाढवतो, मोकळी झाली की उतरवतो. वेबसाठीच्या डब्ल्यूओएफएफ२ फॉन्टमध्ये याची गरज पडत नाही. फॉन्ट एकदाच तयार होतो आणि ब्राउझरांत असंख्य वेळा उलगडला जातो, म्हणून तिथे ब्रॉटलीची सर्वांत संथ पातळी वापरणेच परवडते.