जाळ्याबाहेरची वीज

31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी एकाच वारंवारतेत, म्हणजे विजेच्या प्रवाहाच्या दर सेकंदाच्या समान आवर्तनांत, जोडले गेले. तेव्हापासून सोलापुरातल्या यंत्रमागांचा भार तत्त्वतः देशभरातील जनित्रे मिळून उचलतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड राज्याच्या वायव्य भागातील माउंट आयझा या तांबे, शिसे व जस्ताच्या खाणींच्या शहराला मात्र असा आधार मिळाला नाही. राष्ट्रीय जाळ्यापासून तुटलेल्या या भागात विजेऐवजी इंधनच आणले गेले: 1998 मध्ये 840 किलोमीटर लांबीची नैसर्गिक वायूची वाहिनी टाकली गेली आणि पुढे त्याच वायूवर 242 मेगावॉटचे डायमॅन्टिना केंद्र उभे राहिले.

येथे खरी कसोटी लागते ती क्षणाक्षणाला हलणाऱ्या मागणीमुळे. खनिजाने भरलेला पोलादी डबा खोल खाणीतून वर ओढणारी मोटर एकदम मोठा भार टाकते आणि डबा वर पोचताच तो भार नाहीसा होतो. भार वाढला की जनित्राचा वेग किंचित उतरतो आणि 50 हर्ट्झची वारंवारता ढळते. मोठ्या जाळ्यात असंख्य जनित्रांच्या फिरत्या वस्तुमानामुळे ही घसरण जाणवतही नाही. मोजक्या यंत्रांच्या जाळ्यात मात्र टर्बाइनच्या नियंत्रकाला तत्काळ इंधनाची झडप अधिक उघडावी लागते. कोळसा दळून, जाळून वाफ वाढवण्यास मिनिटे लागतात, तेथे गॅस टर्बाइन सेकंदांत प्रतिसाद देते. शिवाय एखादे यंत्र बंद पडले तरी भूमिगत वायुवीजनाचे पंखे थांबून चालत नाही, म्हणून काही क्षमता राखीव ठेवून यंत्रे अपुऱ्या भारावर चालवावी लागतात. त्यात कार्यक्षमता घटते. एकाकीपणाची ही किंमत वायूच्या दरापुढे सहसा कोणी हिशेबात धरत नाही.

गॅस टर्बाइनचा वैरी म्हणजे ऊन. तिची क्षमता 15 अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरून सांगितली जाते. तिचा कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून आत घेणारा भाग, ठरावीक घनफळाची हवा ओढतो. पण सोलापूरच्या मे महिन्यासारखा पारा चाळिशीपार गेला, की हवा विरळ होते, तेवढ्याच घनफळात तिचे वस्तुमान कमी भरते आणि निर्मिती साधारण 15 टक्के किंवा त्याहूनही अधिक घसरते. नेमक्या त्याच दुपारी शहरातले एसी आणि खाणीतील हवा थंड करणारी यंत्रे सर्वाधिक वीज मागतात. म्हणूनच उष्ण प्रदेशातल्या अनेक केंद्रांत टर्बाइनमध्ये शिरणारी हवा आधी थंड करून घेतात.