अजान बांधाच्या दारातून येणारे मासे

राजस्थानातल्या भरतपूरहून पावसाळ्यात बातमी येते, ती केवलादेव राष्ट्रीय उद्यानाला यंदा किती पाणी मिळणार याची. त्यावर एक सल्ला हमखास ऐकू येतो: नदीचं पाणी नाही मिळालं तर बोअर मारा, पाइपलाइन टाका, शेवटी पाणी ते पाणीच. मला हे अजिबात पटत नाही, आणि त्याचं कारण माशांत आहे.

केवलादेव, म्हणजे स्थानिकांचं ‘घना’, पाणपक्ष्यांसाठी नावाजलेलं आणि जेमतेम 29 चौरस किलोमीटरचं. 1982 साली ते राष्ट्रीय उद्यान झालं, 1985 साली जागतिक वारसा. त्याच्या तळ्यांना पाणी पुरवतो तो जवळचा अजान बांध. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांनी तो घातला. पानिपताहून परतणाऱ्या मराठ्यांना आसरा देणारे सूरजमल ते हेच. पावसाळ्यात गंभीर नदीचा पूर या मातीच्या बांधाला अडतो. पाणी सोडून दिलं की ओलावलेल्या तळात रब्बीचं पीक घेतात. त्यातलंच पाणी कालव्यानं उद्यानात जातं.

कोकणात चढणीचे मासे ज्यांनी पाहिलेत त्यांना पुढचं लगेच कळेल. पहिल्या पुरात मासे ओढ्यांतून उलटे चढतात आणि भातखाचरांत अंडी घालतात. रोहू, कटला, मृगळ हे उत्तरेतल्या नद्यांचे मासेही पुराचीच वाट पाहतात. उन्हाळ्याअखेर मादीच्या पोटात अंडी भरलेली असतात, पण ती सोडत नाही. पाऊस पडून पाणी निवतं, त्यातले क्षार विरळ होतात, प्रवाह अंगाला लागतो. मग मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी रक्तात संप्रेरक सोडते, त्यानं अंडी पक्व होतात आणि मादी ती पाण्यात सोडते. साचलेल्या तळ्यात हा इशाराच मिळत नाही, म्हणून तिथे हे मासे वाढतात पण वीत नाहीत. 1957 साली ओडिशात हिरालाल चौधुरी आणि सहकाऱ्यांनी पीयूषिकेचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन घडवलं, तेव्हा कुठे मत्स्यशेतीचा हा अडसर दूर झाला.

रोहूची मादी एका खेपेला लाखांनी अंडी सोडते आणि ती साधारण एका दिवसाच्या आत फुटतात. बाहेर पडणारं मत्स्यजिरं अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास. प्रवाहाविरुद्ध पोहण्याची ताकद त्यात नसते. पूर नेईल तिकडे, म्हणजे बांधात, कालव्यात आणि तिथून घनात. तिथे आधीच पंगत मांडलेली असते. कोरड्या तळाच्या मातीत प्राणिप्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांची, टणक कवचाची अंडी महिनोन्‌महिने निद्रिस्त पडलेली असतात; पाणी लागताच काही दिवसांत ती उमलतात आणि जिऱ्यांच्या तोंडी लागतात. पुढच्या काही आठवड्यांत जिऱ्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी मासोळी होते, आणि नेमक्या त्याच सुमारास बाभळींवर चित्रबलाकांची, म्हणजे मासे खाणाऱ्या रंगीत करकोच्यांची, घरटी लागतात. हा पक्षी मासा डोळ्यांनी शोधत नाही. अर्धवट उघडी चोच गढूळ पाण्यात फिरवत राहतो. मासा चोचीला लागला की ती खटकन मिटते. अशा शिकाऱ्याला पाणी उथळ हवं आणि मासळी दाट.

बोअरच्या पाण्यात जिरं नसतं, शिवाय भरतपूरचं भूजल बऱ्याच ठिकाणी खारं आहे. त्या पाण्यानं तळं भरलेलं दिसेल, पण पिल्लांच्या चोची रिकाम्याच राहतील.

‘पहिल्या पावसात मासे आभाळातून पडतात’ असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. शेतात अचानक दिसणारे मासे पुरानं आणलेले असतात, नाहीतर मागूरसारखे हवेत श्वास घेणारे, ओल्या जमिनीवरून सरपटत आलेले. चमत्कार मानून हात जोडले की नदी आणि शेत यांच्यातली ती वाट बुजवल्याचं कुणाच्या ध्यानातही येत नाही.

घनाच्या वाटेत वर करौली जिल्ह्यात गंभीरवरचं पांचना धरण आहे. 2004 पासून उद्यानाचं पाणी आणि धरणाखालची शेती हा वाद तापलेला आहे. तिथल्या शेतकऱ्यांची गरज खोटी नाही, तिला उत्तर द्यावंच लागेल. पण वाटाघाटी चालतात त्या दशलक्ष घनफुटांच्या आकड्यावर. त्या कागदावर महिनाही लिहायला हवा, आणि पाणी कुठून येणार तेही. जुलै-ऑगस्टच्या पुरातलं थोडं पाणी अजान बांधाच्या दारातून वाहत आलं, तर ते डिसेंबरात पंपानं ओतलेल्या दुप्पट पाण्यापेक्षा घनाच्या घरट्यांना जास्त उपयोगी पडेल.