झाडाच्या रात्रीच्या श्वासाची भीती कुठून आली?

रात्री झाडाखाली झोपू नये, असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. का म्हणून विचारलं की शाळेतलं उत्तर येतं: झाड दिवसा ऑक्सिजन सोडतं, रात्री कार्बन डायऑक्साइड. हे अर्धंच खरं आहे, आणि ही समजूत चांगली जुनी आहे.

१७ ऑगस्ट १७७१ रोजी इंग्लंडमधल्या लीड्समध्ये जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञाने बंद भांड्यातल्या, मेणबत्ती विझलेल्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. २७ तारखेला त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा छान जळली. पण पुढे हा प्रयोग कधी साधे, कधी फसे; स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ शेले यांना तर हवा बिघडलेलीच मिळाली. भांडं उजेडात होतं की अंधारात, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

ते पाहिलं यान इंगेनहौस यांनी. व्हिएन्नाच्या राजघराण्यातल्या मुलांना देवी टोचणारा हा डच डॉक्टर १७७९ च्या उन्हाळ्यात लंडनजवळ राहिला आणि त्याने पाचशेहून जास्त प्रयोग केले. पाण्यात बुडवलेल्या हिरव्या पानांवर ऊन आलं की ऑक्सिजनचे मोत्यांसारखे बुडबुडे धरायचे, अंधारात थांबायचे. नुसत्या उष्णतेने काही होत नसे, उजेडच लागे. शाळेत नरसाळ्याखाली हायड्रिला ठेवून, परीक्षानळीत एकेक बुडबुडा चढताना आपण पाहतो, तो हाच प्रयोग. मला तो आजही विज्ञानातला सगळ्यात सुंदर प्रयोग वाटतो.

मुळं, फुलं आणि फळं मात्र दिवसाही हवा बिघडवतात, हेही त्यांनीच टिपलं. सावलीत आणि रात्री झाडं हवेला अपाय करतात, हे तर त्यांच्या पुस्तकाच्या लांबलचक नावातच होतं. भीतीला विज्ञानाचा आधार मिळाला तो इथे.

१७८२ मध्ये जिनिव्हाचे शास्त्रज्ञ सेनेबिए यांनी दाखवलं की पानांच्या ऑक्सिजन सोडण्याच्या या कामाला कार्बन डायऑक्साइड लागतो. १८०४ मध्ये तिथल्याच सोस्यूर यांनी मोजमापं घेऊन त्यात पाण्याचाही वाटा असल्याचं सिद्ध केलं. तो ऑक्सिजन पाण्यातूनच येतो, हे कळायला मात्र १९४१ उजाडलं.

झाड चोवीस तास श्वास घेतं, आपल्यासारखंच. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा जोर इतका असतो की तो श्वास झाकला जातो, एवढंच. खोलीतल्या कुंडीपेक्षा शेजारी झोपलेला माणूस कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो. आणि पिंपळ रात्री ऑक्सिजन देतो, हे तर खरंच नाही. उजेडाशिवाय ते कुठल्याच झाडाला जमत नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला अशी एक वेळ येते, जेव्हा दोन्ही क्रिया बरोबरीत असतात आणि पान हवेतून घेतंही नाही, हवेला देतही नाही.