काउंटीतल्या मधल्या घराची कमाई: एका आकड्याची पार्श्वभूमी

अमेरिकेतली काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. अशा तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत आणि प्रत्येकीच्या नावापुढे दरवर्षी घरटी मध्यक उत्पन्नाचा आकडा लागतो. तो वाचताना वाटतं, कुणीतरी घरोघरी जाऊन विचारलं असेल. बहुतेक काउंट्यांच्या बाबतीत तसं झालेलं नसतं.

आधी मध्यकच का, ते पाहू. समजा, एका गल्लीत सात घरं आहेत आणि त्यांची वार्षिक कमाई 18, 22, 31, 40, 55, 70 आणि 900 हजार डॉलर आहे. सरासरी काढली तर 162 हजार येते, आणि गल्लीतल्या सहा घरांना ती परकी वाटेल. चढत्या क्रमाने मधोमध येणारं घर 40 हजारांचं, तोच मध्यक. आपल्याकडे जिल्ह्यांचं दरडोई उत्पन्न छापलं जातं, ती सरासरी असते. तिच्यावरून साधं घर कसं जगतं ते कळत नाही. मध्यकाची अडचण अशी की एकूण उत्पन्नाला घरांच्या संख्येने भागून तो मिळत नाही. घरं सुटी सुटी माहीत असावी लागतात. शिवाय या सातांपैकी वरची दोन घरं पाहणीतून निसटली, तर मध्यक 40 वरून थेट 31 वर येतो. छोट्या काउंटीचं दुखणं नेमकं हेच आहे.

जनगणनेत उत्पन्नाचा प्रश्न पहिल्यांदा आला 1940 मध्ये. न्यू हॅम्पशायरचे सिनेटर चार्ल्स टोबी यांनी त्याविरुद्ध रान उठवलं: दारात उभ्या असलेल्या प्रगणकाला पगार का सांगायचा? तोडगा म्हणून उत्पन्नाची माहिती बंद लिफाफ्यातून पाठवायची सोय केली गेली. रक्कम विचारली होती ती फक्त मजुरी आणि पगाराची, आणि 5,000 डॉलरच्या वरची रक्कम नेमकी लिहिलीच जात नव्हती. शेतकऱ्याचं पीक, दुकानदाराचा नफा यांना त्यात जागा नव्हती, म्हणून शेतीप्रधान काउंट्यांसाठी ते आकडे पुढच्या आकड्यांशी जोडू नयेत. 1950 पासून सगळ्या प्रकारचं उत्पन्न विचारलं जाऊ लागलं, पण नमुन्यातल्या, म्हणजे सगळ्यांतून निवडलेल्या थोड्या लोकांनाच. काउंटीनिहाय घरटी मध्यकाची सलग तुलना सुरू होते ती 1969 या उत्पन्न-वर्षापासून (ज्या वर्षाची कमाई विचारली ते वर्ष), तीही दर दहा वर्षांनी एकदा.

दहा वर्षं हा फार मोठा काळ. मधल्या काळात खाण बंद पडते, कारखाना येतो, तरणी माणसं गाव सोडतात. 1972 मध्ये केंद्र सरकारने स्थानिक संस्थांना महसुलाचा वाटा द्यायचं ठरवलं आणि त्यासाठी अगदी लहान गावांचंही दरडोई उत्पन्न हवं झालं. पाचशे वस्तीच्या गावाचा नमुन्यावरचा आकडा भरवशाचा नव्हता. सुरुवातीला अशा गावांना त्यांच्या काउंटीचाच आकडा चिकटवला गेला. जनगणना ब्युरोच्या रॉबर्ट फे आणि रॉजर हेरियट यांनी 1979 मध्ये मधली वाट मांडली: गावाचा स्वतःचा आकडा आणि करविवरणासारख्या नोंदींवरून बांधलेला अंदाज, दोन्ही घ्यायचे. नमुना मोठा असेल तर गावाच्या आकड्याला वजन जास्त, लहान असेल तर अंदाजाला. मला ही कल्पना अतिशय न्याय्य वाटते. गावाचं म्हणणं डावलायचं नाही, पण चार घरांच्या उत्तरावर सगळं सोडायचंही नाही.

हीच रीत पुढे काउंट्यांच्या कामी आली. गरीब मुलांच्या शाळांना मिळणारा केंद्रीय निधी दहा-दहा वर्षं जुन्या जनगणनेवर वाटला जात होता. 1994 च्या कायद्याने ताजे अंदाज सक्तीचे केले आणि 1993 या उत्पन्न-वर्षापासून काउंट्यांच्या गरिबीचे व मध्यक उत्पन्नाचे अंदाज येऊ लागले. त्यांत करविवरणं, मागची जनगणना आणि एक चालू पाहणी एकत्र गुंफलेली असतात. ती पाहणी 2005 पासून बदलली. आधी देशपातळीची मासिक श्रम-पाहणी वापरत; नंतर वर्षभर चालणारी, आता सुमारे 35 लाख पत्त्यांवर जाणारी अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे वापरू लागले. म्हणून 2004 आणि 2005 मधला फरक सगळाच लोकांच्या खिशातला समजू नये.

या सर्व्हेचे एका वर्षाचे सविस्तर आकडे 65,000 आणि त्याहून अधिक वस्तीलाच मिळतात. बाकीच्यांना पाच वर्षांची गोळाबेरीज. 2015–19 आणि 2016–20 शेजारी ठेवून ‘वाढ झाली’ म्हणणं चूक आहे, कारण त्यांतली चार वर्षं सामाईक आहेत. काळाची तुलना करताना महागाई वजा करणंही आलंच.

टेक्ससमधल्या लव्हिंग काउंटीत 2020 च्या जनगणनेत 64 माणसं होती, लॉस एंजेलिस काउंटीत एक कोटी. तक्त्यात दोघींना एकेकच ओळ मिळते. शेजारच्या रकान्यात खरा आकडा ज्यांच्या दरम्यान असावा अशी खालची आणि वरची मर्यादा दिलेली असते, आणि लव्हिंगच्या ओळीत आधी वाचायचा तो हा रकाना.