हॉल ऑफ फेम आणि संघसहकारी (अमेरिकन फुटबॉल)

एकाच गाजलेल्या संघातील किती खेळाडूंना हॉल ऑफ फेमचा मान द्यावा, यासंबंधी अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलमध्ये चालत आलेला वाद. येथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा, फेकाफेकीचा आणि धडकाधडकीचा अमेरिकन खेळ. आपल्याकडे फुटबॉल म्हणतात तो नव्हे.

‘हॉल ऑफ फेम’ ही मूळ कल्पना खेळांची नाही. म्युनिकमधील रूमेसहाले (१८५३) ही कीर्तिवंतांच्या अर्धपुतळ्यांची वास्तू पाहून न्यूयॉर्क विद्यापीठाने १९०० मध्ये थोर अमेरिकनांसाठी असे दालन स्थापले आणि तेथून हे नाव अमेरिकेत रूढ झाले, असे सर्वसाधारणपणे मानतात. खेळांत बेसबॉलने कूपर्सटाउन येथे ती उचलली (पहिली निवड १९३६, वास्तू १९३९). बेसबॉलचा जन्म त्या गावी झाला ही कथा अभ्यासक आता स्वीकारत नाहीत. फुटबॉलच्या दालनाचे गाव, ओहायो राज्यातील कँटन, याबाबतीत अधिक भक्कम आहे. १७ सप्टेंबर १९२० रोजी राल्फ हे यांच्या मोटार विक्रीच्या दुकानात संघचालक जमले; खुर्च्या पुरेनात म्हणून काहींनी विक्रीच्या गाड्यांच्या पायरीफळ्यांवर बैठक मारली. याच बैठकीतून निघालेल्या संघटनेला १९२२ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग हे नाव मिळाले. तथापि लीगचा जन्म आणि व्यवसायाचा जन्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे घेऊन खेळणारा पहिला खेळाडू म्हणून दीर्घकाळ जॉन ब्रॅलियर (लॅट्रोब, १८९५, १० डॉलर व खर्च) यांचे नाव घेतले जाई. पुढे पिट्सबर्गच्या एका क्लबच्या हिशेबाचा कागद उजेडात आला. त्यात १८९२ च्या सामन्यासाठी पज हेफेलफिंगर यांना ५०० डॉलर दिल्याची नोंद आहे. कागद हाती असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. दोन्ही दावे पेनसिल्व्हेनियाचे आहेत, कँटनचे नव्हेत.

प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम ७ सप्टेंबर १९६३ रोजी खुले झाले. पहिल्या तुकडीत १७ जण होते. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी खेळाडू पात्र ठरतो. निवड समिती मुख्यत्वे क्रीडापत्रकारांची असून ८० टक्के मते लागतात. २०२५ साठी नियम आवळल्यावर चारच जण निवडले गेले. निवड व्यक्तीची होते, संघाची नव्हे, अर्धपुतळाही एकट्याचाच. वाद येथेच उद्‌भवतो, कारण या खेळात एका माणसाचे श्रेय दुसऱ्याच्या श्रेयापासून सोडवून घेणे कठीण असते. क्रिकेटमध्ये निदान भागीदारीच्या धावा मांडल्या जातात. येथे पुढच्या फळीतील गार्ड, सेंटर यांनी समोरच्याला रोखून धरल्याची गणती नित्याच्या आकडेवारीत येत नाही. वाट काढून पळणाऱ्याचे यार्ड तेवढे येतात.

ग्रीन बे पॅकर्सचे उदाहरण यासंबंधी नेहमी दिले जाते. ३१ डिसेंबर १९६७ च्या, कडाक्याच्या थंडीमुळे ‘आइस बोल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सामन्यात तापमान उणे २५ अंश सेल्सिअसच्या आसपास होते. डॅलसच्या संघाविरुद्ध १६ सेकंद शिल्लक असताना एका यार्डाच्या आतून क्वार्टरबॅक (चढाईचा सूत्रधार, चेंडू फेकणारा खेळाडू) बार्ट स्टार स्वतः चेंडू घेऊन घुसले आणि पॅकर्स २१–१७ असे जिंकले. त्यांना वाट करून दिली गार्ड जेरी क्रेमर यांनी. चित्रफितीत ही अडवणूक पुन्हापुन्हा दाखवली गेल्याने ती क्रेमर यांच्या नावे रुजली. पण डॅलसचे बचावपटू जेथ्रो प्यू यांना हटवताना सेंटर केन बोमन हेही त्यांच्या जोडीने ढकलत होते आणि आपला वाटा झाकला गेला, असे बोमन सांगत असत. क्रेमर चेंडू निघण्याच्या क्षणभर आधी हलले, असाही आक्षेप आहे. चित्रफितीवरून दोघांचा वाटा मान्य करणेच योग्य दिसते. आक्षेपाबाबत निर्णय देता येत नाही.

स्टार १९७७ मध्ये निवडले गेले. जिम टेलर (१९७६) आणि पॉल हॉर्नंग (१९८६) हे चेंडू घेऊन पळणारे खेळाडूही, ज्यांच्या आडून ते पळत त्या गार्डांच्या आधीच आत गेले. १९९५ पर्यंत प्रशिक्षक लोम्बार्डी यांच्याखेरीज त्या काळचे किमान दहा पॅकर्स दालनात होते. क्रेमर मात्र दहा वेळा अंतिम यादीत येऊन मागे राहिले, ते २०१८ मध्ये वयाच्या ८२ व्या वर्षी निवडले गेले. १९६९ मध्ये लीगच्या पन्नाशीच्या संघात त्यांची निवड झालेली होती, हे लक्षात घेता ‘त्या संघाचे पुष्कळ झाले’ यापलीकडे या विलंबाचे समाधानकारक कारण देता येत नाही. खेळाडूच्या गुणवत्तेशी या कारणाचा संबंध नाही. दुसरे गार्ड फझी थर्स्टन बाहेरच राहिले.

पिट्सबर्ग स्टीलर्सच्या लिन स्वान व जॉन स्टॉलवर्थ या झेल घेणाऱ्या जोडीची अडचण उलटी होती. दोघेही १९७४ मध्ये संघात आले. दोघांनी चार सुपर बोल (लीगच्या विजेतेपदाचे अंतिम सामने) जिंकले आणि एकमेकांची मते कापली, असा सार्वत्रिक समज आहे. स्वान यांचे झेल ३३६, यार्ड ५,४६२. स्टॉलवर्थ यांचे झेल ५३७, यार्ड ८,७२३. तरी स्वान आधी, २००१ मध्ये, चौदाव्या प्रयत्नात निवडले गेले. सोहळ्यात आपला परिचय करून देण्यास त्यांनी स्टॉलवर्थ यांनाच उभे केले. पुढच्याच वर्षी स्टॉलवर्थ निवडले गेले.

संरक्षक चौकड्यांना टोपणनाव मिळाले की ते चौघांचे असते, मान मात्र एकदोघांना मिळतो. स्टीलर्सच्या ‘स्टील कर्टन’ची पहिली फळी ग्रीन, ग्रीनवुड, होम्स व व्हाइट यांची, पैकी जो ग्रीन १९८७ मध्ये निवडले गेले. एल. सी. ग्रीनवुड २०१३ मध्ये वारले, तोवर त्यांची निवड झाली नव्हती. लॉस एंजेलिस रॅम्सच्या चौकडीतून डीकन जोन्स व मर्लिन ओल्सेन आत गेले. ग्रीयर व लंडी नाहीत. मिनेसोटाचे जिम मार्शल सलग २८२ सामने खेळले. त्यांच्या फळीतील पेज व एलर यांना मान मिळाला.

बास्केटबॉलच्या दालनाने संपूर्ण संघ सामावून घेण्याची प्रथा १९५९ पासून पाळली आहे. १९९२ चा अमेरिकन ऑलिंपिक संघ २०१० मध्ये असाच घेतला गेला. उलट बेसबॉलमध्ये १९७० च्या दशकात ज्येष्ठांच्या समितीवरील फ्रँकी फ्रिश व बिल टेरी यांच्या काळात त्यांचे जुने सहकारी निवडले गेले आणि त्यातील काही निवडींवर आजही टीका होते. कँटनने यांपैकी पहिला मार्ग अद्याप स्वीकारलेला नाही.