पाणी गार, प्रोसेसर गरम

"मामा, पाणी छत्तीसवर आहे आणि प्रोसेसर चौऱ्याण्णववर. सेन्सरच गेला असणार ना?"

मे महिन्यातली दुपार, इंदूरचं बाहेरचं तापमान एक्केचाळीस, आणि भाच्याचा फोन. तो राजेंद्रनगरला राहतो, लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो आणि त्यासाठी त्याने स्वतःच्या हाताने पाण्यावर चालणारा कॉम्प्युटर बांधलाय. म्हणजे प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याचा ब्लॉक, त्यातून फिरणारं पाणी, एक पंप, एक छोटी टाकी आणि पंखे लावलेला रॅडिएटर. आठ महिने झकास चाललं. आता व्हिडिओ रेंडरला, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची पक्की फाइल बनवायला, लावला की मिनिटाभरात आकडा नव्वदीपार जातो आणि प्रोसेसर जिवाच्या भीतीने आपला वेग उतरवतो.

मी पोहोचलो तेव्हा घरात उपाय सुरू झालेच होते. ताईने माठातलं पाणी टाकीत ओतायचं सुचवलं होतं. दुकानदाराने फोनवर 'नॅनो कूलंट' सुचवला होता, वीस अंश कमी होतील या हमीसह. हमी ऐकून मला हसू आलं. रोजच्या व्यवहारातल्या द्रवांत पाण्याइतकी उष्णता पोटात घेणारा द्रव शोधून सापडत नाही. रंगीत कूलंटमधलं ग्लायकॉल पाण्याची ही ताकद उलट थोडी कमीच करतं. त्यातली गंजरोधक रसायनं मात्र खरोखर कामाची असतात, पण ती गारवा आणत नाहीत.

माठाचं गणित सोपं आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४१८० ज्यूल लागतात. हा प्रोसेसर रेंडर करताना १६० वॅट, म्हणजे सेकंदाला १६० ज्यूल उष्णता ओकतो. लिटरभर पाणी दहा अंश तापायला चार-साडेचार मिनिटं पुरतात. चहा होईपर्यंत माठाचा गारवा संपला! माठ गार राहतो तो पाझरलेलं पाणी बाहेर उडून जातं म्हणून. भाच्याच्या बंद नळ्यांतून काहीच उडत नाही. त्यामुळे ते पाणी खोलीच्या हवेपेक्षा गार कधीच होणार नाही. खोलीत चौतीस अंश असतील, तर पाणी चौतीसच्या वरच. पाण्याचं काम हमालाचं: प्रोसेसरपासून उष्णता उचलायची आणि रॅडिएटरवर नेऊन टाकायची.

मग बिघाड कुठे आहे? लोक पाहतात आकडा किती वर गेला ते. मी भाच्याला म्हटलं, किती वेळात वर गेला ते सांग.

माझ्या आवडीचा भाग इथे सुरू होतो. प्रोसेसरच्या आतली सिलिकॉनची चकती दीड चौरस सेंटिमीटरच्या आसपास, जाडी जेमतेम पाऊण मिलिमीटर. वजन पाव ग्रॅम. घरची १००० वॅटची इस्त्री तळाच्या दर चौरस सेंटिमीटरमधून पाचेक वॅट देते. ही चकती शंभराच्या वर. तिच्यातली उष्णता बाहेर गेलीच नाही तर तापमान सेकंदाला आठशेपेक्षा जास्त अंशांनी चढेल. याचाच अर्थ, चकती आणि ब्लॉक यांच्यामधल्या उष्णता वाहणाऱ्या पेस्टमध्ये खोट असेल, कुठे हवेचा पापुद्रा राहिला असेल, तर रेंडर सुरू करताच काटा एका दमात वर उडी मारतो. सेकंद-दोन सेकंदांचा मामला. हे झालं पहिलं घड्याळ. हवा उष्णता वाहून न्यायच्या बाबतीत तांब्याच्या मानाने पंधरा हजार पट नालायक आहे, म्हणून तर पेस्ट लावायची.

दुसरं घड्याळ ब्लॉकचं. दोनशे ग्रॅम तांबं एक अंशाने तापायला ७७ ज्यूल लागतात. ब्लॉकमधून पाण्यात उष्णता जायला अडथळा असेल तर आकडा हळूहळू चढतो आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात स्थिरावतो. तिसरं घड्याळ पाण्याचं. एक लिटर पाणी, वर रॅडिएटरचा धातू. रॅडिएटर धुळीने भरला असेल, पंखे बंद पडले असतील, तर पाणीच तापत जातं, आणि त्याला दहा-वीस मिनिटं लागतात. विद्युतशास्त्र शिकलेल्यांना इथे कपॅसिटर आणि रेझिस्टर आठवतील. गणित अगदी तेच: उष्णताधारकता (किती उष्णता मावते) गुणिले रोध (ती बाहेर पडायला किती अडथळा) बरोबर वेळ. तीन कपॅसिटर, तीन रोध, एकापाठोपाठ एक. हे समीकरण मी भाच्याच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं. त्याने ते वाचलं असेल असं वाटत नाही.

मग आम्ही मोबाईलचं स्टॉपवॉच लावून बसलो. रेंडर सुरू. ४४ वरून झटक्यात ६६. म्हणजे पेस्ट ठीक, एवढी उडी अपेक्षितच. मग ७२, ७९, ८५... चाळिसाव्या सेकंदाला ९४. पाण्याचा सेन्सर तेवढ्या वेळात छत्तीसवरून दीड अंशही हलला नव्हता. १६० वॅटने चाळीस सेकंदांत लिटरभर पाणी दीडच अंश तापतं, म्हणजे सेन्सर खरं बोलत होता. चोर दुसऱ्या घड्याळात सापडला. उष्णता तांब्यात अडकली होती.

"पण मामा, पाणी उष्णता तर भरपूर उचलतंय. बघा ना, ब्लॉकमधून बाहेर येणारी नळी गरम आहे आणि आत जाणारी गार."

मी दोन्ही नळ्या चिमटीत धरून पाहिल्या. फरक चांगला जाणवत होता, आणि तेच वाईट लक्षण होतं. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल तर १६० वॅटने त्याचं तापमान अर्ध्या अंशाहून किंचितच जास्त वाढतं. बोटांना ते कळूच शकत नाही. हाताला कळण्याइतका, सात-आठ अंशांचा फरक म्हणजे प्रवाह मिनिटाला लिटरच्या तिसऱ्या हिश्श्यावर आलेला. 'पाणी हळू गेलं की जास्त उष्णता घेतं' हा गैरसमज पाण्याचे कॉम्प्युटर बांधणाऱ्यांत फार मुरलेला आहे. राजवाड्याच्या स्टॉपवर तासाला एकच बस सोडा, ती खच्चून भरेल. म्हणून जास्त माणसं घरी पोहोचली असं होत नाही, स्टॉपवरची गर्दी तेवढी वाढते.

प्रवाह का अडला, हे पाहायला ब्लॉक उघडावा लागला. ब्लॉकच्या पोटात तांब्याच्या कंगव्यासारख्या खाचा असतात, रुंदी मिलिमीटरच्या पाव भागाएवढी. पाणी स्वतः उष्णतेचं वाईट वाहक आहे, तांब्याच्या सहाशे-सातशे पट वाईट. रुंद नळीत भिंतीलगतचं पाणी तापून तिथेच रेंगाळतं आणि मधलं पाणी गारच्या गार निघून जातं. भिंती जवळ आणल्या की पाण्याच्या कुठल्याही थेंबापर्यंतचा प्रवास इवलासा होतो. १९८१ साली स्टॅनफर्डमध्ये टकरमन आणि पीज या दोघांनी सिलिकॉनमध्येच पन्नास मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढ्या, रुंदीच्या खाचा कोरून दर चौरस सेंटिमीटरला ७९० वॅट पाण्याने वाहून नेऊन दाखवले होते. आजचा प्रत्येक ब्लॉक त्या कल्पनेचा वंशज. त्याचा दुर्गुणही तोच: एवढ्या बारीक खाचेत काहीही अडकतं.

अडकलं होतं पांढरट, बुळबुळीत, साबुदाण्याच्या खळीसारखं काहीतरी. "नर्मदेचा क्षार," भाचा म्हणाला. त्याने नळाचंच पाणी भरलं होतं, नर्मदाकाठच्या जलूदहून पंपाने चढवून आणलेलं. पण एक लिटर पाण्यात क्षार असून असून किती असणार, चिमूटभर. नखाने खरवडलं तर खडूसारखं भुरभुरलंही नाही. मग मी रॅडिएटर उचलून पाहिला. एवढा मोठा असून हलकाफुलका. स्वस्तात मिळाला म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा आणलेला! ब्लॉक तांब्याचा, रॅडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा आणि मधे क्षारांचं पाणी. व्होल्टाने १८०० साली जस्त-तांब्याची चळत रचून जी बॅटरी केली, तिची भावंडच भाच्याने आठ महिने चालवली होती. अ‍ॅल्युमिनियम विरघळत गेलं, त्याचा हायड्रॉक्साइडचा चिकट गोळा झाला आणि पाण्यासोबत वाहत जाऊन नेमका सगळ्यात बारीक जागी, ब्लॉकमध्ये, बसला.

रॅडिएटर काढताना जाळीत झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या सापडल्या. गेल्या खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा झाली होती आणि हार नेमका हवा आत घेणाऱ्या जाळीवर घातला होता. पूजेबद्दल माझं काही म्हणणं नाही, आमच्याकडे पाना-पक्कडसुद्धा पाटावर बसतात. पण ज्याने श्वास घ्यायचा त्याच्याच नाकावर हार? इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, त्यामुळे इथली हवा आधीच पाच-सहा टक्के विरळ. पंखा ढकलतो ते हवेचं आकारमान, वजन नव्हे. तेव्हा इथल्या रॅडिएटरला तेवढी कमी हवा मिळते. फरक अर्ध्या अंशाचा असेल, पण पाकळ्यांची भर कशाला?

बाकीचं काम कंटाळवाणं होतं. जुन्या टूथब्रशने खाचा साफ केल्या, तांब्याचा रॅडिएटर आणला, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक भरलं, नवी पेस्ट लावली. पुन्हा स्टॉपवॉच. झटक्यात ६५, पाच-सात सेकंदांत ७०, आणि मग वीस मिनिटांत, पाणी छत्तीसवरून त्रेचाळीसला जाताना, सावकाश ७७.

"नॅनोशिवाय!" असं ताई दुकानदाराला फोनवर सांगत होती.

रात्री तीनला भाच्याचा मेसेज आला. खिडक्या उघड्या टाकून रेंडर चालू होता, मालव्याची रात्र उतरली होती. खोलीत २७, प्रोसेसर ७०. खाली त्याने लिहिलं होतं, "मामा, खोली सात उतरली, हाही सातच उतरला." वहीचं मागचं पान वाचलं होतं तर.