रोह्याच्या अलीकडे मध्य रेल्वे, पलीकडे कोकण रेल्वे : फरक नेमका काय?

गणपतीला गावी जाणाऱ्या बऱ्याच जणांचा असा समज असतो की मध्य, पश्चिम, दक्षिण मध्य तशीच कोकण रेल्वे पण भारतीय रेल्वेचा एक झोन. समज होणारच, कारण गाडी सीएसएमटीवरून सुटते, तिकीट आयआरसीटीसीवरच निघतं, डबे तेच आणि टीसीचा कोटही तोच. पण रोहा सोडलं की कारभार बदलतो, आणि कोकणातल्या रेल्वेचे निम्मे प्रश्न त्या बदलात आहेत.

मध्य रेल्वे हा सरकारी खात्याचा एक भाग. वर रेल्वे बोर्ड, खाली जीएम म्हणजे महाव्यवस्थापक, त्याखाली मुंबई, पुणे, भुसावळ, नागपूर, सोलापूर असे विभाग आणि प्रत्येकाला डीआरएम, म्हणजे विभागीय व्यवस्थापक. खर्च केंद्राच्या बजेटमधून. झोनला शेअर नसतात, स्वतःच्या नावावर कर्ज नसतं, तोटा झाला तरी तो सगळ्या भारतीय रेल्वेच्या खात्यात जातो.

कोकण रेल्वे कॉर्पोरेशन मात्र कंपनी आहे, जुलै १९९० मध्ये नोंदलेली, ऑफिस बेलापूरला. सुरुवातीची भागीदारी केंद्राची ५१ टक्के, महाराष्ट्राची २२, कर्नाटकची १५, गोवा आणि केरळची ६-६. मालकी सरकारचीच, रेल्वे मंत्रालयाच्याच हाताखाली, पण ताळेबंद स्वतंत्र. इथे जीएम-डीआरएमच्या जागी सीएमडी, म्हणजे कंपनीचा अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक, आणि त्याखाली रत्नागिरी, कारवार अशी दोन रीजन. भरतीसुद्धा कंपनी स्वतः करते.

आता इतिहास बघा, दोन्हींचा प्रवास अगदी उलट दिशेने झालाय. मध्य रेल्वेचं मूळ जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे), म्हणजे १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी चालवणारी लंडनची खाजगी कंपनी, जिला सरकारने ५ टक्के परताव्याची हमी दिलेली. १९२५ ला तिचा कारभार सरकारने हातात घेतला आणि ५ नोव्हेंबर १९५१ ला जीआयपी, निजाम स्टेट, सिंदिया आणि धोलपूर रेल्वे एकत्र करून मध्य रेल्वे झाली.

कोकणात सरकारनेच कंपनी काढली, आणि कारण सरळ पैशाचं होतं. दिवा-पनवेलची लाईन रोह्यापर्यंत यायलाच १९८६ उजाडलं, त्या वेगाने मंगळूर कधी आलं असतं देव जाणे. १९८९ ला मधु दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले, दोघांचाही जीव या लाईनवर, मग वेगळी कंपनी, चार राज्यांचं भांडवल, बाकी पैसा बाँड काढून, आणि वर ई. श्रीधरन (पुढे दिल्ली मेट्रो उभारणारे इंजिनिअर) यांच्यासारखा माणूस बसवला. निर्णय बेलापुरातच व्हायचे, फाईल दिल्लीला पाठवून वाट बघायची गरज नव्हती, म्हणून रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर असा ७४० किलोमीटरच्या आसपासचा मार्ग सह्याद्री फोडून २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण सुरू झाला. झोनच्या चाकोरीत हे झालं नसतं असं मला ठाम वाटतं.

पण बांधायला जे सोयीचं होतं तेच चालवताना जड जातंय. कर्ज कंपनीचं, ते फेडायचं प्रवासी आणि मालाच्या भाड्यातून, म्हणून या मार्गावर प्रवासी भाडं काढताना अंतर ४० टक्के वाढवून धरायची पद्धत आली. दुहेरीकरणाचं पण तसंच, रोहा ते वीर हा ४७ किलोमीटरच्या आतबाहेरचा तुकडा २०२१ ला झाला, बाकी बहुतेक मार्ग अजून सिंगल, त्यामुळे क्रॉसिंगला गाडी थांबली की थांबली. झोन असता तर निदान बजेटमध्ये हक्काने मागता आलं असतं.

गोव्यात तर अजून गोंधळ, मडगाव कोकण रेल्वेचं आणि वास्को, कुळें दक्षिण पश्चिम रेल्वेचं. तक्रार करताना आधी स्टेशन कोणाचं ते बघा.

कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करायला गोवा, कर्नाटक, केरळनंतर २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही संमती दिली, कोकण रेल्वे हे नाव राहावं या अटीवर. मला विलीनीकरण हवंय, दुहेरीकरणाचा पैसा दुसरीकडून येताना दिसत नाही. पण नावापेक्षा मोठा प्रश्न हा की मार्ग अखंड ठेवणार की मध्य, दक्षिण पश्चिम आणि दक्षिण रेल्वेत तुकडे करून वाटणार. वाटला तर कोकण पुन्हा मुंबई विभागाचं शेपूट होईल, जिथे लोकलचा व्याप आधीच डोक्यावर आहे. त्यामुळे आपल्या खासदारांकडे मागणी करायची तर रत्नागिरीला स्वतंत्र विभाग आणि डीआरएम हीच करा, आणि विलीनीकरणाचा आदेश निघायच्या आधी करा.